दीक्षाभूमीला विमानाने जायचंय? 'दीड तासा'चा हिशेब समजून घ्या

यंदा शिरवण्यातली आमची काही पोरं दीक्षाभूमीला विमानाने जायचं म्हणतायत. "दीड तासाचा तर प्रवास, सकाळी जाऊन रात्री घरी!" मोबाइलवर दिसणारा दीड तास खोटा नाही, पण तो घरापासूनचा नाही. सुट्टी एकाच दिवसाची असेल तर हा फरक आधीच कळलेला बरा.

मुंबई-नागपूर अंतर आकाशातून सरळ रेषेत साधारण ६८५ किलोमीटर, रेल्वेने ८३७. जेट विमान वर स्थिरावलं की ताशी आठशेच्या आसपास वेग घेतं, म्हणजे तासाभरात पोचायला हवं. पण वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून नागपुरात पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतची रांग, चढताना-उतरतानाचा कमी वेग, उतरायची परवानगी मिळेपर्यंत हवेत मारलेल्या घिरट्या हे सगळं त्यातच धरतात. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडचे वारे जोरात असतात. त्यामुळे नागपूरला जाताना काही मिनिटं वाचतात आणि परतताना तेवढीच जातात.

या आकाशमार्गाशी आपलं नातं जुनं आहे. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचं पार्थिव दिल्लीहून विमानाने निघालं ते नागपूरमार्गे, आणि ७ तारखेच्या पहाटे सांताक्रूझला उतरलं. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाला आज त्यांचंच नाव आहे.

आता घरापासूनचा हिशेब. सहारला जायचं तर वाशी खाडीपूल आणि चेंबूरची गर्दी धरून दीड तास हाताशी ठेवा. सामान देण्याचा काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, म्हणून दोन तास आधी पोचायचं. दीड तास विमानात. नागपूरला बाहेर पडून दीक्षाभूमी गाठायला आणखी एक तास, त्या दिवशीच्या गर्दीत कदाचित जास्तच. झाले सहा तास. येताना पुन्हा तेवढेच. मग स्तूपापाशी थांबायला उरतं काय?

नवी मुंबईचं विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालंय आणि ते शिरवण्याहून जेमतेम दहा-पंधरा किलोमीटरवर आहे. तिथून गेलात तर एका बाजूचा तासभर वाचेल. मात्र तिकिटावर नुसतं 'मुंबई' बघू नका. एनएमआय म्हणजे नवी मुंबई, बीओएम म्हणजे सहार. परतीचं विमान भलत्याच ठिकाणी उतरायचं!

माझं विचाराल तर बहुतेकांना रेल्वेच सोयीची. जुईनगरहून लोकलने ठाणे, तिथून विदर्भ एक्सप्रेस. संध्याकाळी बसलं की सकाळी नागपूर. तास दुप्पट लागतात, पण झोपेत जातात आणि मुक्कामाचा खर्च वाचतो. विमान त्याने घ्यावं ज्याला दुसऱ्या दिवशी ड्युटी चुकवता येत नाही. त्यानेही तिकीट लवकर काढावं, सणाच्या आठवड्यात भाडं चढतं.

आणि हो, विमानात साध्या तिकिटावर बहुधा १५ किलो सामान आणि हातात ७ किलो चालतं. दीक्षाभूमीवरून पुस्तकांच्या पिशव्या भरून आणणाऱ्यांनी घरून निघतानाच बॅग हलकी ठेवावी.