अडगळ, पसारा आणि गृहव्यवस्था : मराठी मध्यमवर्गीय घराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

घर आवरणे हा विषय वृत्तपत्रांच्या पुरवण्यांपुरताच मर्यादित आहे, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. वस्तुतः घरात काय येते, किती काळ राहते आणि कोणत्या वाटेने बाहेर जाते, हा समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र या तिन्ही विद्याशाखांना स्पर्श करणारा प्रश्न होय. प्रस्तुत लेखात मराठी मध्यमवर्गीय घर डोळ्यांसमोर ठेवून त्याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

या विचाराचे निमित्त मात्र घरगुती आहे. आजीच्या पश्चात गावाकडील घर रिकामे करण्याचे काम प्रस्तुत लेखिकेच्या वाट्याला आले. माळ्यावरून आणि फडताळांतून झाकणे हरवलेले प्लॅस्टिकचे डबे, हॉर्लिक्सच्या रिकाम्या बाटल्या, बंद पडलेले २ मिक्सर आणि घड्या घालून जपलेल्या असंख्य पिशव्या निघाल्या. परंतु जुन्या कापडाचा एक तुकडाही अडगळीत सापडला नाही. साठ वर्षे नांदत्या घरातील जुने कापड गेले कोठे? उत्तर खाटेवरच होते. तेथे ७ गोधड्या रचून ठेवलेल्या होत्या.

संकल्पना

मराठीत या संदर्भात तीन शब्द प्रचलित आहेत आणि त्यांतील भेद सूक्ष्म आहे. वापरात असलेली परंतु जागेवर नसलेली वस्तू म्हणजे पसारा. जागा अडवून बसलेली परंतु वापरात नसलेली वस्तू म्हणजे अडगळ. या दोहोंतून बाद झालेला तो केर. पसारा हाताने आवरतो, केर केरसुणीने निघतो, अडगळीला मात्र निर्णय लागतो. घर आवरूनही आवरल्यासारखे वाटत नाही, याचे कारण बहुधा हेच असते की आपण पसारा उचलतो आणि तो अडगळीत नेऊन ठेवतो. अर्थात अडगळ हा शब्द केवळ हीनत्वदर्शक नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या २०१० साली प्रकाशित झालेल्या ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ या कादंबरीच्या शीर्षकात त्यामागे ‘समृद्ध’ हे विशेषण आले आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

वस्तूंच्या परतीच्या वाटा

जुन्या घरात वस्तू कमी होत्या, म्हणून ते नीटनेटके होते, असे म्हटले जाते. हे अर्धसत्य होय. त्या घरातून वस्तू बाहेर जाण्याच्या वाटा ठरलेल्या होत्या, ही बाब अधिक महत्त्वाची आहे. सुती लुगडे विरले की त्याच्या मऊ भागाचे बाळासाठी दुपटे होई, उरलेले गोधडीत जाई आणि अखेरीस त्याचे पोतेरे होई. जे कापड घरात जिरत नसे ते बोहारणीकडे जाई. जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडे देणारी ही स्त्री दारात बसून घासाघीस करी, आणि त्या निमित्ताने कपाट वर्षातून दोनदा तरी उपसले जाई. तांब्या-पितळेचे फुटके भांडे मोडीत देऊन नवे घेता येई. कल्हईवाला भांड्याचे आयुष्य वाढवी. रद्दीवाला आजही येतो. हळदीकुंकवात मिळालेला खण पुढच्या घरी ओटीत जातो, तेथून आणखी पुढे. एखादा खण फिरून मूळ घरी परतल्याच्या कथा प्रत्येक कुटुंबात ऐकावयास मिळतात.

सद्यःस्थितीत यांपैकी अनेक वाटा अरुंद झाल्या आहेत. कृत्रिम धाग्याचे कापड घाम शोषत नाही आणि सुईखाली निसटते, त्यामुळे ते गोधडीस चालत नाही. मिक्सर दुरुस्त करणे आणि नवा घेणे यांच्या खर्चातील अंतर कमी झाल्याने जुना माळ्यावर जातो. संक्रांतीच्या वाणाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सुगडात बोरे, ऊस, हरभरा, गाजर असे जिन्नस असत, आणि ते चार दिवसांत संपत. आता रथसप्तमीपर्यंत प्रत्येक घरी प्लॅस्टिकच्या डब्या, चाळण्या आणि साबणदाण्या जमा होतात. देणारीला ओझे उतरल्याचे समाधान मिळते, घेणारीच्या ओट्याखाली ते ओझे चढते. प्रथेवर टीका करण्याचा येथे हेतू नाही. वस्तू आत येण्याचे दार रुंद झाले आणि बाहेर जाण्याचे अरुंद, एवढेच निदर्शनास आणावयाचे आहे.

वस्तू सुटत का नाही?

वाट असूनही वस्तू सुटत नाही, याचे मानसशास्त्रीय स्पष्टीकरण उपलब्ध आहे. रिचर्ड थेलर यांनी १९८० साली स्वामित्व-प्रभावाची संकल्पना मांडली. पुढे डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि थेलर यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग देण्यात आले. ज्यांच्या हाती मग होता त्यांनी तो विकण्यासाठी मागितलेली किंमत, ज्यांच्याकडे तो नव्हता त्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या सुमारे दुप्पट होती. म्हणजेच वस्तू ‘माझी’ झाली की तिचे मोल आपल्या मनात वाढते. जेथे काही मिनिटांपूर्वी मिळालेल्या मगाची ही कथा, तेथे लग्नात आलेल्या आणि देणाऱ्याचे नाव घातलेल्या स्टीलच्या पातेल्याची काय असेल? त्या पातेल्यात आमटी होत नाही, पण ते मामांचे असते.

मात्र न वापरलेली प्रत्येक वस्तू जपणे म्हणजे विकार नव्हे. अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ साली संचयविकारास स्वतंत्र निदानाचा दर्जा दिला. टाकून देण्याच्या कल्पनेनेच तीव्र क्लेश होणे आणि राहत्या खोल्या वापरण्याजोग्या न उरणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी घरच्यांनी माणूस नसताना सामान फेकून देणे अपायकारक ठरू शकते, तेथे तज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे.

आवरणार कोण?

जपानमधील मारी कोंदो यांचे या विषयावरील पुस्तक २०१० च्या अखेरीस प्रसिद्ध झाले आणि पुढे जगभर गाजले. वस्तू हातात घ्यावी, आनंद वाटला तर ठेवावी, हा त्यांचा निकष. तो एकट्याच्या कपाटास उत्तम लागू पडतो. परंतु सासूबाईंचे पितळी घंगाळ सुनेला आनंद देत नसेल, तर ते कोणी हातात घेऊन ठरवावे? सामायिक घरातील वस्तूंचे स्वामित्वही सामायिक असते, ही बाब सदर निकषात सामावत नाही. तिसऱ्या अपत्यानंतर घर आवरण्याचा अट्टहास आपण काहीसा सोडून दिला आहे, असे स्वतः कोंदो यांनीच २०२३ साली सांगितले. प्रस्तुत लेखिकेस ही कबुली त्यांच्या पद्धतीहून अधिक मोलाची वाटते.

कारण प्रश्न श्रमाचा आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, विनामोबदला घरकामात सहभागी होणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे देतात, तर सहभागी होणारे पुरुष ९७ मिनिटे. यात स्मरणाचे श्रम वेगळे मोजले जात नाहीत. तुरटी कोठे आहे, गॅसचे पुस्तक कोणत्या खणात आहे, हे घरातील एकाच व्यक्तीला ठाऊक असते, आणि ती आजारी पडली की घर थांबते. दिवाळीपूर्वीची साफसफाई पाहावी : जाळी काढण्यापासून डबे घासण्यापर्यंत सर्व करून, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या केरसुणीस हळदकुंकू वाहणारा हातही तोच असतो.

व्यवहारातील पद्धती

जपानी कारखान्यांतून आलेल्या पाच पायऱ्यांच्या पद्धतीत पहिली पायरी ‘सेइरी’, म्हणजे निवड, आणि दुसरी ‘सेइतोन’, म्हणजे मांडणी. हा क्रम महत्त्वाचा आहे. आपण आधी डबे आणि कप्पे विकत आणतो आणि मग त्यांत अडगळ लावतो. आधी निवडावे. एका दिवशी संपूर्ण घर काढू नये, एकच फडताळ काढावे. निवड करताना वस्तूची वाट तेथेच ठरवावी : रद्दी, भंगार, बोहारीण, दुरुस्ती, देणे. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी झालेल्या करारान्वये घरोघरचा कचरा गोळा करते. जुने कपडे व सामान स्वीकारण्याचे उपक्रमही तिने राबविले आहेत. विजेची उपकरणे अधिकृत संकलकाकडेच द्यावीत. ‘पाहू पुढे’ या सदरातील वस्तूंवर तारीख लिहावी, आणि एक दिवाळी उलटूनही खोके उघडले नसल्यास ते कोणाला द्यावयाचे, हेही त्यावरच लिहावे.

मांडणीचा निकष एकच पुरे : घरातील सर्वांत लहान जाणत्या व्यक्तीला आणि सर्वांत वृद्ध व्यक्तीला वस्तू न विचारता सापडावी. आमच्या घरी कपाटाच्या दाराच्या आतील बाजूस यादी चिकटवली आहे. पहिले दोन महिने ती कोणी वाचली नाही. आता वाचतात, क्वचित खाडाखोडही करतात.

आजीच्या घरातील नाव घातलेली भांडी आम्ही ज्यांची त्यांच्याकडे परत पाठविली. जे हयात नव्हते त्यांच्या मुलांकडे पाठविली. गोधड्या वाटून घेतल्या. हॉर्लिक्सच्या ४ बाटल्या मात्र मी ठेवल्या आहेत. त्यांत मोहरी, मेथी, ओवा आणि हिंग आहे.