दहा वाजून किती मिनिटांनी?

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. त्या दिवशी मुंबईची वीज नेमकी किती वाजता गेली, असं मुलुंडमधल्या चार जणांना विचारा. चार उत्तरं मिळतील. एकाचं भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे. दुसरी विक्रोळीच्या अलीकडे थांबलेल्या लोकलमध्ये. तिसऱ्याचा लॅपटॉप बॅटरीवर, त्यामुळे त्याला वीज गेल्याचं कळण्याआधी वायफाय गेल्याचं कळलं. चौथ्याला ‘दहाच्या सुमारास’ एवढंच आठवतं. खोटं कोणीच बोलत नाही.

संगणकांच्या जबान्याही अशाच असतात. या जबान्या म्हणजे लॉग: कोण आत आलं, कोणाला नकार मिळाला, कोणती लाइन ट्रिप झाली, याची यंत्राने स्वतः ठेवलेली नोंद. निरनिराळ्या यंत्रांचे लॉग एकमेकांशी जुळवून घटनेचा माग काढणं हे सुरक्षा तपासातलं सगळ्यात चिवट काम. मुंबईपुरता त्याचा मोठा धडा त्या सोमवारचा आहे.

त्या सकाळी पडघा–कळवा–खारघर पट्ट्यातल्या ४०० केव्ही वाहिन्या कोलमडल्या. अशा वेळी शहराला ग्रिडपासून तोडून स्वतःच्या विजेवर तगवणारी ‘आयलँडिंग’ यंत्रणाही टिकली नाही. लोकल जागच्या जागी थांबल्या. २८ फेब्रुवारी २०२१ला अमेरिकेतल्या ‘रेकॉर्डेड फ्यूचर’ कंपनीचा अहवाल आला: चीनशी संबंधित ‘रेडएको’ नावाच्या गटाने भारतीय वीजक्षेत्रातल्या संस्थांना लक्ष्य केलं आहे. यादीत पश्चिम विभागीय भार प्रेषण केंद्रही होतं, म्हणजे अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीतलं. दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्याच्या सायबर विभागाचा अहवाल मांडला: १४ ट्रोजन म्हणजे छुपे घातक प्रोग्रॅम, बाहेरच्या सर्व्हरवरून आलेला ८ जीबी डेटा, काळ्या यादीतल्या पत्त्यांवरून लॉगिनचे प्रयत्न. तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र वीज मानवी चुकीमुळे गेली असं सांगितलं. सायबर हल्ले झाले असले तरी त्यांचा या बिघाडाशी संबंध नाही, असं त्यांचं म्हणणं. गंमत म्हणजे खुद्द ‘रेकॉर्डेड फ्यूचर’नेही तो संबंध सिद्ध झालेला नसल्याचं लिहून ठेवलं होतं. मथळ्यांमध्ये ते वाक्य मावलं नाही.

१४ आणि ८ हे आकडे ऐकायला जड आहेत, पण ते मोजमाप आहे, घटनाक्रम नव्हे. घरात उंदीर सापडला म्हणून फ्यूज त्यानेच उडवला असं होत नाही. त्यासाठी कुरतडलेली वायर दाखवावी लागते, आणि ती फ्यूज उडण्याआधी कुरतडली गेली हेही.

‘आधी’ म्हणायचं तर घड्याळं एक हवीत. सबस्टेशनमधला रिले, म्हणजे बिघाड दिसताच लाइन तोडायला लावणारं यंत्र, उपग्रहाच्या घड्याळावर मिलिसेकंदापर्यंत वेळ नोंदवू शकतो. शेजारच्या ऑफिसातला फायरवॉल बहुधा जागतिक वेळेवर लावलेला, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. त्यात ‘०४:३०’ दिसलं की नवखा म्हणतो, पहाटे साडेचारला कोणीतरी घुसलं! प्रत्यक्षात आपल्याकडे तेव्हा दहा वाजलेले असतात. ‘सिसलॉग’ या लॉगच्या प्रचलित नमुन्याच्या जुन्या पद्धतीत तर महिना, तारीख आणि वेळ एवढंच. वर्ष नाही, कुठल्या देशाची वेळ तेही नाही.

मुंबईला या घोळाची सवय असायला हवी. १९०६मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी शहराने आपली ३९ मिनिटं मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ १९५५पर्यंत सोडली नाही. रेल्वे एका वेळेवर, महापालिका दुसऱ्या. त्या काळातलं कागदपत्र वाचताना ‘कोणाचे दहा?’ हे आधी विचारावं लागतं. लॉग वाचतानाही पहिला प्रश्न तोच.

घड्याळं जुळली की धागा शोधायचा. एका लॉगमध्ये माणसाचं युजरनेम, दुसऱ्यात नुसता आयपी पत्ता, तिसऱ्यात मशीनचं नाव. आयपी पत्ता सकाळी एका लॅपटॉपचा, दुपारी दुसऱ्याचा असू शकतो; म्हणून तो कोणाला कधी दिला गेला, ही चौथी वही उघडावी लागते. हे काम करणाऱ्या ‘सीम’ प्रणाली महागड्या असतात, पण चुकीची वेळ भरली तर त्या चूकच झपाट्याने जुळवून देतात.

कधी कधी पुरावा न जुळण्यातच असतो. ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४.४२ कोटी रुपये गेले. ११ तारखेला २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी निघाले, भारतात अडीच कोटी. १३ तारखेला ‘स्विफ्ट’ या बँकांमधल्या संदेश-यंत्रणेमार्गे १३.९२ कोटी हाँगकाँगला गेले. चोरांनी एटीएम आणि बँकेच्या मुख्य प्रणालीच्या मध्ये खोटा स्विच उभा केला होता. ‘पैसे द्या’ हा होकार तोच देत होता. खात्यात शिल्लक आहे का, हे मुख्य प्रणालीला कोणी विचारतच नव्हतं. कार्ड कंपनीकडे व्यवहार आणि बँकेच्या खतावणीत त्याची जोडनोंद नाही, असा तो प्रकार. दुकानाचा रोजमेळ लिहिणाऱ्या जुन्या मुनीमजींना हे समजावायला दोन मिनिटंही लागली नसती.

एप्रिल २०२२मध्ये केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षा संस्थेने फर्मान काढलं: सगळ्या यंत्रांची घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवा, आणि लॉग १८० दिवस जपून ठेवा. माझ्या मते यातली घड्याळाची अट जास्त मोलाची, जरी चर्चा सहा तासांत घटना कळवण्याच्या अटीवरच रंगली. पण दिवसांचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. वीज गेली त्या १२ ऑक्टोबरपासून ‘रेडएको’चा अहवाल आला त्या २८ फेब्रुवारीपर्यंत, १३९ दिवस. ज्या यंत्रावर नव्वद दिवसांनी जुन्या ओळींवर नव्या ओळी लिहिल्या जातात, तिथला तो सोमवार जानेवारीतच पुसला गेलेला असतो.