वटवाघळांचा आवाज ऐकवणारे सर्किट

माणसाच्या कानाला साधारणपणे 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 20 ते 20 हजार कंपने, एवढ्याच पट्ट्यातले ध्वनी ऐकू येतात. त्याहून वरचे ध्वनी श्राव्यातीत म्हटले जातात, आणि वटवाघळे असे ध्वनी काढतात, हे 1938 मध्ये हार्वर्ड विद्यापीठात डोनाल्ड ग्रिफिन यांना जॉर्ज पियर्स यांच्या उपकरणामुळे उमगले. हातात मावणाऱ्या आजच्या वटवाघूळ-शोधकातील हेटरोडाइन सर्किटची युक्ती तर फारच सुंदर आहे: मायक्रोफोनने टिपलेला 45 किलोहर्ट्झचा संदेश आणि आंदोलकाने, म्हणजे ठरावीक वारंवारता निर्माण करणाऱ्या भागाने, पुरवलेला 43 किलोहर्ट्झचा संदेश मिश्रकात एकत्र आले, की 88 ही बेरीज आणि 2 किलोहर्ट्झ ही वजाबाकी निर्माण होते, आणि फिल्टरने बेरीज अडवल्यावर उरलेली वजाबाकी हेडफोनमध्ये स्पष्ट ऐकू येते. मात्र आंदोलकाच्या आसपासचा अरुंद पट्टाच एका वेळी ऐकता येत असल्याने त्याची वारंवारता बदलणारे बटण सतत फिरवत राहावे लागते.