जात्यावरून टाळाकडे

बारामतीचा मुक्काम आटोपून तुकोबांची पालखी इंदापूरच्या वाटेला लागते, तेव्हा काटेवाडीत परीट समाज तिच्यासाठी धोतरांच्या पायघड्या अंथरतो. मग मेंढपाळ कळप मोकळे सोडतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण सुरू होतं. कळपाला रोगराई शिवू नये, ही त्यामागची श्रद्धा. धुरळा, लोकर, ‘ज्ञानोबा-तुकाराम’चा गजर, असं हे दृश्य दरवर्षी छायाचित्रांत येतं. त्यानंतर पालखी सणसरच्या मुक्कामाला पुढे सरकते.

छायाचित्रांत फारसं न येणारं दृश्य दिंड्यांच्या मागच्या अंगाला असतं. पुढे पताका, मग टाळकरी, पखवाज, वीणेकरी; आणि त्यांच्या मागून डोक्यावर तुळशीवृंदावन किंवा पाण्याचा हंडा घेतलेल्या बाया. वारीतली ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची जागा. ओझं डोक्यावर, टाळ दुसऱ्याच्या हाती. पण याच बाया गावी परततात आणि एकादशीच्या रात्री देवळात बसतात, तेव्हा टाळ त्यांच्याच हातात असतो, पेटीवर त्यांच्यापैकीच कुणी असते आणि वीणाही एखादीच्या गळ्यात असते. या बैठकीला गावोगावी एकच नाव आहे: महिला भजनी मंडळ.

नीरा डाव्या कालव्याच्या या पट्ट्यात ऊस आहे, भवानीनगरचा साखर कारखाना आहे, दुधाचा धंदा आहे. बाईच्या दिवसाचे तास गोठा, रान आणि चूल यांत वाटून गेलेले असतात. त्यातून उरलेल्या वेळात मंडळ चालतं. त्याला कार्यालय नसतं, पायऱ्या-पदव्या नसतात. थोडी थोडी वर्गणी काढून टाळांचे जोड येतात, पेटी येते, सप्ताहासाठी एका रंगाच्या साड्या ठरतात. सदस्य व्हायची अट म्हणावी तर एकच, वेळेवर येऊन बसायचं. गळा बेताचा असला तरी चालतो, कारण टाळाच्या ठेक्यात एकटा आवाज उघडा पडत नाही. सासू आणि सून एकाच ओळीत बसतात आणि भजन संपलं की एकमेकींना ‘माउली’ म्हणून पायाला हात लावतात. घरात सून सासूच्या पाया पडते. इथे सासूही सुनेच्या पाया पडते. मंडळाची सगळी ताकद या एका वाकण्यात आहे.

अशा मंडळातल्या बाया एका संत स्त्रीला आपली मानतात. स्त्रियांनी एकत्र येऊन एखाद्या पवित्र कथेतल्या नायिकेला आपलंसं करणं जगात इतरत्रही आहे. अमेरिकेत १८५० च्या सुमारास रॉब मॉरिस यांनी फ्रीमेसन या बंधुसंघातल्या मंडळींच्या घरातल्या स्त्रियांसाठी ‘ऑर्डर ऑफ द ईस्टर्न स्टार’ या संघटनेची मांडणी केली. तिच्या पंचकोनी ताऱ्याच्या पाच टोकांना बायबलच्या परंपरेतल्या पाच नायिका आहेत: अदा, रूथ, एस्तेर, मार्था, इलेक्टा. त्यातली रूथ मराठी वाचकाला चटकन ओळखीची वाटेल. नवरा गेल्यावर ती सासूला सोडत नाही, परक्या मुलखात तिच्यामागे जाते आणि कापणी झालेल्या शेतात सातूचा सरवा वेचून दोघींचं पोट भरते. संघटनेत तिचा रंग पिवळा आणि खूण कणसांची पेंढी.

आपल्याकडची अशी राबणारी नायिका म्हणजे संत जनाबाई.

गोदाकाठच्या गंगाखेडची ही मुलगी. बाप दमा, आई करुंड. पोरवयात पंढरपूरला नामदेवांच्या घरी आली आणि तिथेच राबत राहिली. दळण, कांडण, पाणी, शेण, झाडलोट ही कामं तिच्या वाट्याची. तिच्या नावावरचे तीनशेहून अधिक अभंग नामदेवांच्या गाथेबरोबर आपल्यापर्यंत आले आणि त्यांतून हीच कामं पुन्हा पुन्हा येतात. फरक इतकाच की या कामांना तिच्या जोडीला विठ्ठल असतो. तो जात्याचा खुंटा धरतो, गोवऱ्या वेचतो, तिची वेणी घालतो. भक्तिपरंपरेत देवाकडे जाण्यासाठी संसार सोडणारे पुष्कळ सापडतील. जनीने देवालाच कामाला लावलं. तिच्याविषयीच्या कथाही कामातूनच निघतात. गोवऱ्यांवरून भांडण झालं तेव्हा ज्या गोवरीतून विठ्ठलाचं नाव ऐकू येईल ती माझी, असं ती म्हणाली. देवाचं पदक तिच्या वाकळेत सापडलं आणि चोरीचा आळ आला, तेव्हा तिच्यासाठी रोवलेल्या सुळाचं पाणी झालं. गरीब मोलकरणीवर पहिला संशय जातो, हे ती कथा सांगणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

तिच्या एका अभंगात मात्र दळण नाही. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला तरी आपण भरल्या बाजारातून जाऊ, हातात टाळ आणि खांद्यावर वीणा घेऊ, आता अडवणारं कोण, असं ती विचारते. नामदेवांचा काळ १२७० ते १३५०, म्हणजे हा प्रश्न जवळपास सातशे वर्षांचा आहे. महिला मंडळात वीणा गळ्यात घालून उभी राहिलेली बाई त्याचं उत्तर देत असते, तिला अभंग पाठ असो वा नसो.

पण मधली सातशे वर्षं बायांचं गाणं होतं कुठे? जात्यावर. पहाटेच्या अंधारात दोघी समोरासमोर बसायच्या, एकाच खुंट्याला दोघींचे हात, एक हात मोकळा झाला की जात्याच्या तोंडात मूठभर धान्य. जातं बोथट झालं की टाकी लावून घ्यायची. ओवीचा ताल त्या दगडाच्या फेऱ्याने ठरवला. माहेर, भाऊ, सासुरवास, पंढरी, सगळं त्यात दळलं गेलं; आणि जनीही, कारण दळणाऱ्या बाईला हीच संत आपल्या शेजारी बसल्यासारखी वाटे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यात राहून मावळ-मुळशीपासून दूरदूरच्या गावांतल्या या ओव्या जमवल्या, त्यांची संख्या १ लाखाच्या वर गेली. एवढं मोठं काव्य निरक्षर म्हटल्या गेलेल्या बायांनी रचलं, याची नोंद मराठी वाङ्मयाच्या इतिहासाने ठळक अक्षरांत करायला हवी.

मग गावात विजेची गिरणी आली. बाईच्या दंडाला सुख झालं, त्याबद्दल कुणालाही हळहळ वाटू नये. पण दोघींनी समोरासमोर बसायचं, मनातलं मोठ्याने गायचं ते ठिकाण गेलं. महिला भजनी मंडळाकडे केवळ देवाधर्माचा कार्यक्रम म्हणून पाहणाऱ्यांच्या नजरेतून हे सुटतं. जात्याने दिलेला एकांत आणि सोबत, दोन्ही बायांनी देवळाच्या सभामंडपात पुन्हा मांडली.

ही मांडणी सोपी नव्हती. ओवी जिची तिची असते, भजनाला शिस्त लागते. आधी मंगलाचरण, मग रूपाचे अभंग, पुढे गौळण, भारूड, शेवटी पसायदान. हरिपाठाला पावली टाकताना पाय टाळाबरोबर पडावे लागतात. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते, म्हणून पहारे लागतात आणि पहाऱ्यावर उभं राहणारीचं घरचं काम कुणीतरी उचलावं लागतं. तिथे मंडळाची ओळख कामी येते. पखवाजासाठी पुष्कळ ठिकाणी अजून एखाद्या बुवांनाच बोलवावं लागतं. जिथे शाळकरी मुली पखवाज शिकू लागल्या आहेत, तिथे तोही प्रश्न मिटतो.

वारीहून परतण्याआधी अनेक बाया पंढरपूरशेजारच्या गोपाळपूरला जातात. तिथे जनाबाईचं म्हणून एक जातं दाखवतात. खुंट्याला हात लावून त्याला एखादा फेरा दिल्याशिवाय बायांचा पाय निघत नाही.

गावी परतल्यावर पुढच्या एकादशीला पुन्हा बैठक बसते. सुरू होण्याआधी पखवाज मांडीवर घेतला जातो आणि डाव्या अंगाच्या धुमेवर ओली कणीक थापली जाते, कारण तिच्याशिवाय त्या बाजूला खर्ज येत नाही. कणीक कुणीतरी घरून डब्यात मळून आणलेली असते. बोटाने ती कडेपर्यंत सारखी करतात, एक थाप मारून पाहतात, जास्त वाटली तर चिमूटभर काढतात आणि टाळ वाजू लागतात.