महाविद्यालयाचें नांव आणि पुढील मिळकत

अमेरिकेंत मुलें शाळेचा उंबरठा ओलांडण्याच्या वयास आलीं, कीं घरोघरीं एकच खल सुरू होतो: यांना कोणत्या महाविद्यालयांत घालावें? नामांकित महाविद्यालयांतून बाहेर पडलेले लोक पुढें अधिक पैसा मिळवितात, हें उघड दिसतें. आणि तें त्या महाविद्यालयाचेंच फळ होय, असा समज सहज होतो. परंतु वेंचक बियाणेंच पेरलेल्या शेताचें पीक उत्तम आलें, तर श्रेय मातीचें किती व बियाण्याचें किती, हें आधीं पाहिलें पाहिजे.

स्टेसी डेल व ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनीं तें मोठ्या युक्तीनें पाहिलें. १९७६ सालीं महाविद्यालयांत शिरलेल्यांपैकीं, सारख्याच तोलाच्या संस्थांकडे अर्ज केलेले व सारखेच होकार-नकार आलेले विद्यार्थी त्यांनीं परस्परांशीं ताडून पाहिले. त्यांचा निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाला. प्रवेशास कठीण अशा महाविद्यालयांत गेलेल्यांची आणि त्याहून सोप्या ठिकाणीं गेलेल्यांची मिळकत पुढें जवळजवळ सारखीच भरली. अपवाद होता तो गरीब घरांतील मुलांचा. त्यांना मात्र लाभ स्पष्ट झाला.

असें कां व्हावें? समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनीं १९७३ सालीं दाखविलें होतें, कीं ओळखीनें नोकरी लागलेल्यांना तिची वार्ता बहुधा जिवलग मित्राकडून नव्हे, तर अधूनमधून भेटणाऱ्या परिचिताकडून मिळालेली असते. सधन मुलाला असे परिचित वडिलांच्या दिवाणखान्यांतच भेटतात. गरीब मुलाला ते पुष्कळदां महाविद्यालयांतच प्रथम भेटतात. २०२२ सालीं राज चेट्टी व त्यांचे सहकारी यांनीं फेसबुकवरील ७ कोटींहून अधिक लोकांचे स्नेहसंबंध तपासले. सधन मुलांना जितका सधनांचा स्नेह लाभतो, तितका जेथें लाभेल अशा भागांत गरीब मुलें वाढलीं, तर मोठेपणीं त्यांची मिळकत सरासरीनें २० टक्क्यांनीं वाढेल, असा त्यांचा अंदाज आहे.

नांवाला अगदींच मोल नाहीं, असें मात्र नव्हे. चेट्टी, डेमिंग व फ्रीडमन यांनीं २०२३ सालीं दाखविलें, कीं बारा अतिनामांकित विद्यापीठांमुळें सरासरी मिळकत फारशी वाढत नाहीं, तरी सर्वांत वरच्या १ टक्का मिळकतदारांत पोहोंचण्याची शक्यता सुमारें दीडपट होते.

तेव्हां सुस्थित घरानें केवळ नांवासाठीं कर्जाचा डोंगर उचलण्यापूर्वीं दोनदां विचार करावा. परंतु ज्या घरांतून पहिलेंच पाऊल महाविद्यालयांत पडत आहे, त्यानें लाभलेली चांगली जागा खर्चाच्या धास्तीनें सहसा सोडूं नये. तिचें खरें मोल त्यालाच आहे.