विश्लेषण : लिथियम बॅटरीत पाणी का टिकत नाही?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने कोकण किनाऱ्याला तडाखा दिला. मुरुड ज्या दापोली तालुक्यात आहे, तिथल्या अनेक गावांनी नंतर कित्येक दिवस अंधारात काढले. अशा वेळी साठवलेल्या विजेचे मोल कळते. पण घरातली बॅटरी पेट घेणारीही नको. म्हणूनच लिथियम बॅटरीत पाणी वापरण्याचे प्रयत्न तीन दशके सुरू आहेत.

अडचण काय?

मोबाइलच्या बॅटरीत दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये ज्वलनशील सेंद्रिय द्राव असतो. पाणी पेटत नाही, स्वस्तही पडते. मात्र सुमारे १.२३ व्होल्टच्या पुढे त्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटू शकतात. मोबाइलची बॅटरी असते साधारण ३.७ व्होल्टची.

इन्व्हर्टरमध्ये पाणी कसे चालते?

शिसे-आम्ल बॅटरीचा प्रत्येक सेल २ व्होल्ट देतो, कारण शिशावर हायड्रोजन फार सावकाश तयार होतो. तरी चार्जिंगमध्ये थोडे पाणी फुटतेच, म्हणून अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते. लिथियम बॅटरीतील ग्राफाइट मात्र अशा विभवावर काम करते, जिथे पाणी तग धरत नाही.

मार्ग कसा निघाला?

१९९४ मध्ये कॅनडात जेफ डान आणि सहकाऱ्यांनी ग्राफाइटऐवजी व्हॅनेडियम ऑक्साइड वापरले. बॅटरी सुमारे १.५ व्होल्टवर चालली, पण तिची क्षमता लवकर घटली. २०१० मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठातील संशोधकांनी अशा बॅटऱ्यांच्या घसरणीचे एक कारण दाखवले : पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ऋण इलेक्ट्रोडशी अभिक्रिया करतो. तो काढून टाकल्यावर बॅटरीचे आयुष्य वाढले.

२०१५ मध्ये अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठ आणि लष्करी प्रयोगशाळेने वेगळीच वाट धरली. त्यांनी एक किलो पाण्यात तब्बल सहा किलो लिथियम क्षार विरघळवला. पाण्यात मीठ नव्हे, मिठात पाणी! बहुतेक पाणी लिथियम आयनांना बांधले गेले, मोकळे फारसे उरले नाही. शिवाय क्षाराच्या विघटनातून इलेक्ट्रोडवर संरक्षक थर बसला. मर्यादा सुमारे ३ व्होल्टपर्यंत गेली. २.३ व्होल्टची बॅटरी हजार वेळा चार्ज करता आली.

मग घरात कधी?

हा फ्लोरिनयुक्त क्षार महाग आहे; पाण्याचा स्वस्तपणा तिथेच संपतो. वीजही मोबाइलच्या बॅटरीपेक्षा कमी साठते. घराच्या कोपऱ्यात ठेवायच्या बॅटरीला वजन थोडे जास्त असले तरी चालेल. ती परवडायला मात्र हवी. त्यामुळे स्वस्त क्षार सापडतो का, यावर पुढचे बरेच काही ठरेल.