पद्मिनी मिसिंग करते तेव्हा

भाईंदर पूर्वेच्या केबिन रोडवर जुनी पेट्रोल गाडी सांभाळायची म्हणजे दमट, खाऱ्या हवेशी वर्षभर झुंज. उत्तरेला वसईची खाडी, आसपास मिठागरांची जमीन. इथे लोखंड लवकर गंजतं आणि तांबं लवकर हिरवं पडतं. पाऊस सुरू झाला की कव्हरखाली उभी असलेली प्रीमियर पद्मिनी हमखास मिसिंग करू लागते. न्यूट्रलला इंजिन थरथरतं, चढावर हिसके बसतात, सायलेन्सरचा एकसारखा आवाज मधूनच तुटतो. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी कार्बोरेटरच्या स्क्रूकडे जातो. माझं ठाम मत आहे, तो हात तिथेच थांबवावा. मिसिंगचं मूळ बऱ्याचदा ठिणगीत असतं. पेट्रोलची पाळी नंतरची.

या गाडीचं इंजिन समजायला सोपं आहे आणि तोच तिचा मोठा गुण. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे इटलीच्या फियाटची ११०० मालिका तयार होऊ लागली. १९६४ची ११०० डिलाइट हीच सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. १०८९ सीसी, चार सिलिंडर, बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचं रूप घेऊन तिने कित्येक घरं चालवली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपल्यावर, ऑक्टोबर २०२३ अखेर, टॅक्सी म्हणून तिची सेवा थांबली. खासगी पद्मिनी मात्र अजून लोक जिवापाड जपतात.

ठिणगीचा प्रवास एकदा डोक्यात बसला की निम्मं काम झालं. डिस्ट्रीब्यूटरमधला पॉइंट उघडतो, कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि बॅटरीच्या १२ व्होल्टमधून हजारो व्होल्टचा झटका तयार होतो. रोटर तो कॅपमधून १-३-४-२ या क्रमाने प्लगांना वाटतो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर हा पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतो आणि मिटतो. इतक्या उघडझापीत त्याची टोकं जळणारच. ती लवकर जळू नयेत म्हणून शेजारी कंडेन्सर असतो. कंडेन्सर गेला की नवाकोरा पॉइंटही थोड्याच दिवसांत काळा पडतो. त्यामुळे पॉइंट बदलताना कंडेन्सरही बदलावा. तो फार महागही नाही.

आता दोषी सिलिंडर शोधायचा. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढावी, तिचं टोक ब्लॉकला अर्थ करावं आणि इंजिन पुन्हा सुरू करावं. आवाज आणखी बसला तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर चोर सापडला. मग त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावून पाहायचा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग खराब, जागेवर राहिला तर वायर किंवा कॅप तपासायची. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेलं असेल तर चालू इंजिनावर वायर उपसू नये, मॉड्यूल जळू शकतं.

प्लग स्वतःच पुष्कळ सांगतो. टोक बदामी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, ओलसर तेलकट काळं असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइडमधून ऑइल येतंय, पांढरंफटक असेल तर मिश्रण पातळ आहे किंवा इंजिन फार तापतंय. हेड ॲल्युमिनियमचं असल्याने प्लग थंड इंजिनावरच काढावा आणि लावताना पहिले आटे बोटांनीच फिरवावेत. पान्याने सुरुवात केली आणि आटे गेले तर खर्च हेडपर्यंत पोचतो.

कॅप काढून उजेडात धरा. आतल्या भिंतीवर दोन पितळी टोकांच्या मध्ये केसासारखी काळी रेघ दिसली तर ठिणगीने आडवाट धरलेली आहे. ती रेघ पुसून जात नाही, कॅप बदलावीच लागते. फक्त दमटपणा असेल तर कोरड्या फडक्याने पुसून भागतं. रात्री दिवे मालवून बॉनेट उघडलं तर गळक्या वायरींवरून निळ्या ठिणग्या पळताना दिसतात. इथल्या हवेत हा प्रयोग पावसाळ्याच्या तोंडावर हमखास करावा.

ट्यूनिंगला क्रम असतो आणि तो मोडला की सगळी मेहनत वाया जाते. आधी पॉइंटचं अंतर, मग टायमिंग, सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. पॉइंटचं अंतर वाढलं की तो आधी उघडतो, म्हणजे टायमिंग पुढे सरकतं. टायमिंग लावून मग पॉइंटला हात लावला तर टायमिंग पुन्हा लावावं लागतं. फिलर गेजने अंतर तपासावं, साधारण ०.४ मिलिमीटरच्या आसपास, नेमका आकडा आपल्या डिस्ट्रीब्यूटरच्या माहितीपुस्तिकेतला. मग पुलीची खूण जुळवून पॉइंटची वायर आणि अर्थ यांच्यामध्ये १२ व्होल्टचा बल्ब लावावा, चावी ऑन ठेवावी. पॉइंट उघडला की बल्ब पेटतो. डिस्ट्रीब्यूटर हळूहळू फिरवून तो खुणेवरच पेटेल असं बसवावं. हे झाल्यावर इंजिन गरम करून आयडलिंगचे स्क्रू लावावेत.

पेट्रोलकडेही आता जास्त लक्ष द्यावं लागतं. पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी शोषतं, जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा फुगवतं, मिश्रणही थोडं पातळ करतं. उभ्या गाडीत ते महिनोन्‌महिने साठवू नये आणि पाइप इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्यावेत.

नव्या गाडीत स्कॅनर लावला की पी-०३०१ असा कोड येतो, पहिला सिलिंडर मिसिंग आहे हे कळतं. पण प्लग, कॉइल, इंजेक्टर की व्हॉल्व्ह, हे तपासणं माणसालाच करावं लागतं. पद्मिनीवर शिकलेला हात तिथेही उपयोगी पडतो.

घरच्या कामाची हद्दही ओळखावी. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम गप्प असतील तर आधी त्यांच्या वायरी अदलाबदल झाल्या नाहीत ना, ते पाहा. त्या बरोबर असतील तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. दोन्हीकडे ते कमी भरलं तर मधलं हेड गॅस्केट उडाल्याचा दाट संशय. त्यासाठी पॉइंटवाल्या गाड्या जाणणारा मेकॅनिक गाठा, आणि तो काम करत असताना शेजारी उभे राहून प्रत्येक गोष्ट विचारा.